सातबाऱ्यावरचे साडेतीन रुपये

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सातबाऱ्याचा उतारा आपण हातात घेतो तो तीन गोष्टी पाहण्यासाठी. नाव बरोबर आहे ना, क्षेत्र बरोबर आहे ना आणि कुणाचा बोजा चढलेला नाही ना. त्याच उताऱ्यात ‘आकार’ नावाचा एक रकाना असतो, तिकडे सहसा कुणाची नजर जात नाही. आमच्या गावाकडच्या एका सर्व्हे नंबरापुढे तिथे साडेतीन रुपये लिहिलेले आहेत. जमीन सव्वा हेक्टर. साडेतीन रुपयांत आज कटिंग चहासुद्धा मिळत नाही. मग हे साडेतीन रुपये कुणी आणि कशावरून ठरवले?

श्रोतेहो, ही जमिनीची किंमत नव्हे. तो वर्षाचा सारा आहे. पण तो ठरवण्यासाठी सरकारला आधी त्या जमिनीचा कस मोजावा लागला होता. म्हणून मी त्या आकड्याला आमच्या जमिनीचे पहिले लेखी मूल्यमापन म्हणतो. घर विकताना, कर्ज काढताना, जमीन संपादनात जाताना आज जे ‘व्हॅल्युएशन’ होते, त्याची आपल्याकडची गोष्ट सांगायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

जमीन मोजून तिची प्रत लावण्याची चाल जुनीच. मलिक अंबराचा धारा आणि शिवकालातली अण्णाजी दत्तोंची पाहणी आपण शाळेत वाचलेली असते. इंग्रजी अमलात मात्र हे काम एका पुस्तकी माणसाच्या हाती आले. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकून आलेला अधिकारी. पुणे जिल्ह्यात १८२०च्या दशकात त्याने पाहणी केली. त्याचा हिशेब साधा होता. शेतात एकूण पिकते किती, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे. कागदावर यात काहीही खोट नव्हती. पण प्रत्येक शेतात पिकते किती आणि खर्च होतो किती, हे सांगणार कोण? मोजणी चुकली, पिकाचे अंदाज चुकले, कारकुनांचे हात ओले झाले. १८३०च्या सुमारास तो आकार लागू झाला. धान्याचे भाव उतरलेले होते. आकार जड झाला, जमिनी पडीक पडल्या आणि लोक मुलूख सोडून निघाले.

ही घडी बसवायला इंदापूर तालुक्यात दोन माणसे आली. मुलकी खात्यातला एच. ई. गोल्डस्मिड आणि मुंबई इंजिनिअर्स पलटणीतला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. साल १८३५-३६. त्यांनी प्रिंगलचा मूळ प्रश्नच बाजूला ठेवला. या शेतात निव्वळ किती उरते हे कळणे अवघड आहे, पण हे शेत शेजारच्या शेतापेक्षा चांगले की वाईट आणि कितीने, हे पाहता येते, असे ते म्हणाले. पूर्वी त्या भागात प्रत्यक्षात किती सारा वसूल होत आला आणि लोकांना तो कितपत झेपला, हेही त्यांनी पाहिले. मला स्वतःला मूल्यमापनाच्या साऱ्या इतिहासात ही सर्वांत शहाणपणाची पायरी वाटते. आजचा मूल्यांकनकारही तुमच्या फ्लॅटचे ‘खरे मोल’ शोधत बसत नाही. शेजारच्या इमारतीतला तशाच मापाचा फ्लॅट कितीला गेला हे तो आधी पाहतो आणि मग मजला, वय, रस्ता, वाहनतळ यांसाठी वरखाली करतो.

इंदापूरची पद्धत पुढे १८४७च्या संयुक्त अहवालात बांधून घातली गेली. मोजणीची साखळी तेहेतीस फुटी. तिचे सोळा भाग आणि प्रत्येक भागाला आणा म्हणायचे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. बिल्डर लोक आज जो गुंठा विकतात तो हाच. मग शेताचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकात मातीची खोली पाहायची. पावणेदोन हात खोल काळी माती असली की सोळा आणे. तिथून चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटी दोन आणे, असे नऊ वर्ग. त्यातही दोष पाहायचे. चुनखड आहे, वाळू मिसळली आहे, जमीन उताराची आहे, ओढ्याचे पाणी वरून वाहते, पाणी साचते. प्रत्येक दोषाला नकाशात खूण आणि एका दोषाला एक वर्ग खाली. एवढे झाल्यावर गावांचे गट करून हवामान, बाजाराचे अंतर आणि रस्ता पाहून कमाल दर ठरे आणि त्या दराला शेताचे आणे लावले की आकार निघे. पिकायोग्य नसलेला तुकडा पोटखराब म्हणून वगळत. तो शब्दही उताऱ्यावर अजून आहे.

हा आकार तीस वर्षे बदलायचा नाही असे ठरले. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर पाडली, बांध घातले तर त्या सुधारणेवर सारा वाढवायचा नाही, हे तत्त्व पुढे १८६५च्या कायद्यात आले. वाढवायचा तर भाव वाढले, रस्ता आला, रेल्वे आली या कारणाने. जमिनीच्या जागेचे मोल वेगळे आणि मालकाच्या कष्टाचे मोल वेगळे, ही ती वाटणी.

मुदत संपताच इंदापुरात १८६७ साली फेरआकारणी झाली. मूल्यमापनाची तारीख किती घातक ठरू शकते याचे मला माहीत असलेले हे सर्वांत ठळक उदाहरण. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले होते, तिथला कापूस बंद झाला होता आणि आपल्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. बाकीच्या मालाचे भावही चढले होते. त्या चढत्या वर्षांकडे पाहून आकार पुष्कळ वाढवला गेला. युद्ध मात्र १८६५ सालीच संपले होते. भाव उतरले आणि आकार तिथेच राहिला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा पेटला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्याला कारणे अनेक होती, सावकारी त्यात मुख्य. पण वाढलेल्या साऱ्याने लोक आधीच टेकीला आले होते, हेही खरे. लोकांनी माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे जाळण्यावर भर दिला. कागद काय करू शकतो हे त्यांना पुरते ठाऊक होते.

सारा ठरवणे एक आणि जमीनच घेणे दुसरे. रेल्वे, कालवे, लष्कराच्या छावण्या यांसाठी जमिनी घेताना दाम काय द्यायचा, याचे उत्तर १८९४च्या भूमिसंपादन कायद्याने दिले. दाम बाजारभावाने आणि बाजारभाव अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. बाजारभाव म्हणजे विकायला राजी असलेल्या माणसाने घ्यायला राजी असलेल्या माणसाकडून ज्या किमतीला सौदा केला असता ती किंमत. झाडे, विहीर, घर यांचे वेगळे. शिवाय सक्तीने घेतली म्हणून वर १५ टक्के, ते १९८४ साली ३० टक्के झाले.

या ‘राजी’ शब्दावर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत झगडा झाला. विजागापट्टमच्या बंदराजवळ एका राजाची जमीन होती. बंदराचा परिसर हिवतापाचा म्हणून ती सरकारने संपादन केली. त्या जमिनीत गोड्या पाण्याचा झरा होता. आजूबाजूला पिण्याच्या पाण्याची वानवा. राजा म्हणाला, झऱ्याचे मोल धरा. सरकार म्हणाले, ते पाणी घेणारा बंदराशिवाय कोण आहे? १९३९ साली निकाल राजाच्या बाजूने लागला. जमिनीत उपयोगाची जी शक्यता आहे तिचेही मोल असते आणि घेणारा एकच असला तरी ते बुडत नाही, असे त्या न्यायमूर्तींनी ठरवले. आपल्या न्यायालयांत या निकालाचा हवाला अजूनही दिला जातो.

आता घरची गोष्ट. माझ्या थोरल्या चुलत्यांना आम्ही आबा म्हणायचो. १९७२च्या दुष्काळात आमच्या शिवारात रोजगारासाठी पाझर तलावाचे काम निघाले आणि आबांची ओढ्याकाठची जमीन त्यात गेली. दुष्काळी कामांत पुष्कळ ठिकाणी व्हायचे तेच झाले. ताबा आधी, कागद मागाहून. लोकांच्या पोटाचा प्रश्न होता. आबांनी खळखळ न करता ताबा दिला आणि त्याचे त्यांना कधी वाईट वाटले नाही. संयुक्त मोजणीची नोटीस आली त्या दिवशी ते बैलबाजाराला गेलेले होते. मोजणी त्यांच्या माघारी झाली. पंचनाम्यात विहीर आली, बांधावरचे तीन आंबे आले नाहीत.

निवाडा काही वर्षांनी झाला. भाव ऐकून आबा गप्पच झाले. निवाड्याची नक्कल पुढे माझ्या हाती आली तेव्हा मी ती वाचली. अधिकाऱ्याने भाव मनाने ठरवलेला नव्हता. अधिसूचनेच्या आधी गावात जी खरेदीखते नोंदली गेली होती त्यांची यादी त्याने दिली होती. त्या यादीत दुसऱ्या क्रमांकाला आबांचेच खरेदीखत होते. शेजारची पट्टी त्यांनी आदल्या वर्षी घेतली होती आणि मुद्रांक वाचावा म्हणून दस्तात निम्म्याहून कमी रक्कम दाखवली होती. तेव्हा सगळेच तसे करत. त्या निम्म्या किमतीनेच त्यांच्या ओढ्याकाठच्या जमिनीचा भाव ठरला होता. मी हे त्यांना सांगितले नाही. बहुधा त्यांना कळलेलेच होते.

बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचीही तेवढीच जमीन गेली होती. त्याने पैसे उचलताना पावतीवर ‘हरकत राखून’ असे लिहिले. कायद्यात तसेच म्हटलेले होते. हरकत न नोंदवता जो रक्कम घेतो त्याला पुढे न्यायालयात दाद मागता येत नाही. मुदतही कडक. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या तारखेपासून सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतले जे आधी संपेल ते. शेजाऱ्याचा अर्ज मुदतीत गेला. त्याने रस्त्याकडच्या दोन जमिनींची खरेदीखते मिळवली, विहिरीला पाणी किती होते त्याचे साक्षीदार दिले. लहान तुकड्याचा भाव मोठ्या क्षेत्राला जसाच्या तसा लागत नाही, न्यायालय त्यातून कपात करते. ती कपात होऊनही त्याचा भाव वाढला. आबांना त्यातले काही मिळाले नाही. एकाला वाढवून मिळाले तर त्याच अधिसूचनेतल्या इतरांनाही तीन महिन्यांत अर्ज करता यावा, अशी तरतूद १९८४ साली झाली. आमचे प्रकरण त्याआधीच मिटलेले होते.

दस्तात कमी किंमत लिहिण्याची ही सवय मोडायची म्हणून आपल्या राज्यात १९८०पासून मुद्रांक शुल्क दस्तातल्या रकमेवर न घेता बाजारमूल्यावर घेऊ लागले. मग बाजारमूल्य ठरवायचे कुणी, हा प्रिंगलचाच प्रश्न पुन्हा आला. त्यावर उत्तर म्हणून वार्षिक मूल्य दर तक्ते आले आणि १९९५च्या नियमांनी त्यांची रीत ठरवून दिली. यांनाच आपण रेडी रेकनर म्हणतो. सरकारी मराठीत शीघ्रसिद्धगणक, पण तो शब्द नोंदणी कार्यालयाबाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. एका तऱ्हेने ही शहरी इमारतींची आणेवारीच. विभाग पाडायचे, दर ठरवायचा, इमारत जुनी असेल तर घसारा धरायचा, उंच मजल्याला वाढ द्यायची.

इथे एक घोटाळा होतो. तक्त्यातला दर विभागाचा असतो, तुमच्या घराचा नसतो. बाजूला नाला आहे, जिना खचलेला आहे, वाटेचा वाद आहे, हे तक्त्याला दिसत नाही. त्या दराने मोल फार जास्त येते असे वाटले तर दस्ताआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो. फार थोडे लोक करतात. आणि खरोखरच कमी किमतीला विकले तरी आयकर खाते तक्त्याची किंमत पुढे करते. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तरच दस्तातली रक्कम मानतात.

असे तक्ते संपादनाचा भाव ठरवायला चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आंध्रातल्या एका खटल्यात म्हटले होते. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूमिसंपादन कायदा लागू झाला आणि चित्र पालटले. आता मुद्रांकासाठीचे मूल्य, आजूबाजूच्या खरेदीखतांतल्या चढ्या निम्म्यांची सरासरी आणि संमतीने ठरलेली रक्कम, यांतली जी सर्वांत जास्त ती धरायची आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यायची. ग्रामीण भागात गुणकही लागतो. तेव्हा दर वाढले की जे लोक नोंदणीच्या वेळी कुरकुरतात, त्यांचीच जमीन संपादनात गेली की तोच दर त्यांना तोकडा वाटू लागतो. हरकत राखून रक्कम घेण्याची अट मात्र नव्या कायद्यातही आहे. राष्ट्रीय महामार्गाला दाद मागण्याची वाट वेगळी आहे, तिथे लवाद असतो.

शहरातल्या घराची गंमत आणखी निराळी. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. घराचे मोल भाड्यावरून काढायचे आणि भाडे गोठलेले, म्हणजे गिरगावातली अख्खी चाळ कागदावर कवडीमोल. त्याच चाळीतली खोली हातोहात जायची ती पागडीने आणि पागडी घेणे गुन्हा. मालमत्ता करही प्रमाणित भाड्याला बांधलेला होता, त्यामुळे जुन्या घरांचा कर नगण्य राहिला. १९९९च्या कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पागडीला मान्यता दिली. मुंबई महापालिकेने १ एप्रिल २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर घ्यायला सुरुवात केली. तेव्हा अनेक मालकांना आपल्या घराला काही मोल आहे हे प्रथम कराच्या बिलावरून कळले, आणि आनंद काही झाला नाही.

म्हणून कुणी मला ‘माझ्या घराची किंमत किती’ असे विचारले की मी उलट विचारतो, कुणासाठी? बँकेला हवी असते ती किंमत उद्या कर्ज बुडाले तर हाती येईल ती. तिच्या अहवालात बाजारमूल्याखाली वसुलीचे मूल्य आणि सक्तीच्या विक्रीचे मूल्य असे उतरते आकडे असतात. विमा कंपनीला जमिनीशी कर्तव्य नाही, कारण जमीन जळत नाही. तिला लागतो घर पुन्हा बांधण्याचा खर्च. फ्लॅटच्या विक्री किमतीइतका विमा उतरवून जादा हप्ता भरणारे लोक मी पाहिले आहेत. भावाभावांच्या वाटणीत तारीख कोणती धरायची यावरच निम्मे भांडण असते. आयकरासाठी जुन्या मालमत्तेचे मोल पूर्वी १ एप्रिल १९८१ चे काढत. २०१७ साली ती तारीख १ एप्रिल २००१ झाली. त्या दिवशीचे मोल आज काढायचे तर तेव्हाचा तक्ता, तेव्हाचा नकाशा, तेव्हाची कराची पावती हवी. ज्याने ती जपून ठेवली त्याचे काम सोपे. हे काम सरकारमान्य नोंदणीकृत मूल्यांकनकार करतात. त्यांची ही नोंदणी संपत्ती कराच्या कायद्यातली. तो कर २०१५ साली रद्द झाला, मूल्यांकनकार राहिले.

मध्यंतरी आमच्याकडेही एक मूल्यांकनकार येऊन गेले. हातात लाल ठिपक्याचे मोजमाप यंत्र. पंधरा मिनिटांत खोल्या मोजून झाल्या आणि ते निघाले. मी त्यांना चहाला बसवले आणि विचारले, अहवाल कशासाठी, तारीख कोणती, शेजारचे कोणते सौदे धरणार आणि क्षेत्र चटईचे की बांधीव? ते म्हणाले, काका, हे आजवर मला कुणी विचारले नाही. मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र आणि दोन वर्षांपूर्वी इमारतीचे खांब दुरुस्त केले त्याची बिले मी त्यांच्या पुढ्यात ठेवली. बिलांचा त्यांनी फोटो काढून घेतला. मग पुन्हा उठून गच्चीवर गेले, कारण गळतीच्या रकान्यात त्यांनी न पाहताच ‘होय’ लिहून टाकले होते.

त्या बिलांच्या फायलीतच शेजाऱ्याच्या पावतीची झेरॉक्स आहे. त्याच्या मुलाकडून मी ती मागून आणली. अंगठ्यांच्या ओळीत एकच सही, आणि सहीच्या वर, जागा पुरत नसल्याने तिरपे लिहिलेले, ‘हरकत राखून’.